नियम नंतर वाच, अपवाद आधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

हैदराबादला सोशल मीडिया कंपनीत, लोकांच्या पोस्ट नियमांत बसतात का ते तपासण्याच्या कामावर रुजू झालीस, टीमही चांगली मिळाली, हे वाचून बरं वाटलं. मेलमधला खरा प्रश्न मात्र तू शेवटच्या ओळीत, हसण्याची खूण टाकून विचारला आहेस. काका म्हणतात तुझी कंपनी सरकारच्या खिशात, मामा म्हणतात ती डाव्यांच्या ताब्यात. मग मी नक्की कुणाकडे नोकरी करतेय? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. काका आणि मामा, दोघांकडेही सांगण्यासारखं काहीतरी आहे.

२०२० सालचे तीन आठवडेच बघ. १४ ऑगस्टला वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये बातमी आली की तेलंगणातले तेव्हाचे भाजप आमदार टी. राजा सिंह यांच्या मुस्लिमविरोधी पोस्टना द्वेषमूलक मजकुराचा नियम लावायला फेसबुकच्याच भारतातल्या पॉलिसी प्रमुख अंखी दास यांनी विरोध केला. सत्ताधारी पक्षाच्या लोकांवर कारवाई केली तर इथल्या धंद्याला फटका बसेल, असं त्यांचं म्हणणं असल्याचं बातमीत होतं. निर्णय एकट्या त्यांच्या मतावर ठरला नव्हता, असा खुलासा कंपनीने केला. १ सप्टेंबरला तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनी फेसबुकचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांना पत्र पाठवून नेमकी उलटी तक्रार केली: फेसबुकचे भारतातले लोक उजव्या विचारांची पानं दाबतात. दुसऱ्या दिवशी शशी थरूर यांच्या संसदीय समितीपुढे कंपनीची हजेरी झाली आणि तिसऱ्या दिवशी राजा सिंह यांच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये दास यांनी कंपनी सोडली.

अशा वेळी कंपनीच्या कँटीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: दोन्ही बाजू शिव्या घालतायत, म्हणजे आपण बरोबर मध्यावर आहोत. तू हे वाक्य तोंडात येऊ देऊ नकोस. दोन्ही बाजूंवर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी अन्याय करता येतो. शिव्यांची बेरीज-वजाबाकी करून शून्य आलं तर त्याला निःपक्षपात म्हणत नाहीत.

मामांचा मुद्दा आधी घेऊ. अमेरिकेतल्या या कंपन्यांचा बहुतेक कर्मचारीवर्ग उदारमतवादी आहे, हे कुणी नाकारत नाही. एप्रिल २०१८ मध्ये सिनेटसमोर झुकेरबर्ग स्वतःच म्हणाले होते की सिलिकॉन व्हॅली ही फारच डावीकडे झुकलेली जागा आहे. त्याआधी दोन वर्षं, मे २०१६ मध्ये, फेसबुकच्या ‘ट्रेंडिंग’ विभागात, म्हणजे चर्चेतल्या बातम्यांच्या यादीत, कंत्राटी संपादक उजव्या विचारांच्या बातम्या वगळतात, असा आरोप तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याने केला होता. पद्धतशीर पक्षपात सापडला नाही, पण एखाद-दुसऱ्याने तसं केलंच नसेल असं सांगता येत नाही, हा कंपनीच्या चौकशीचा निष्कर्ष. पुढे ऑगस्टच्या अखेरीस कंपनीने ती सगळी संपादक मंडळी काढून टाकली आणि काम यंत्राकडे सोपवलं. दोन-तीन दिवसांत त्याच यादीत सगळ्यात वर एक धादांत खोटी बातमी झळकली, फॉक्स न्यूज वाहिनीने आपल्या निवेदिका मेगन केली यांना हाकललं म्हणून. माझ्यासारख्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलेल्या बाईला हे वाचून कसं वाटलं असेल, तूच कल्पना कर. पक्षपाताची शंका आली म्हणून तपासणाराच काढला! २०१८ मध्ये तो विभागच बंद झाला.

आता गंमत बघ. कर्मचारी डावीकडे झुकलेले म्हणजे पडद्यावर येणारा मजकूरही डावीकडे झुकलेला, असं आपण गृहीत धरतो. ट्विटरच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या स्वतःच्याच अल्गोरिदमचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या सात देशांपैकी सहांमध्ये उजव्या पक्षांच्या मजकुराला डाव्यांपेक्षा जास्त उचल मिळत होती, अपवाद जर्मनीचा. असं का होतं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तेव्हा ऑफिसात कुणाचं मत कुठे पडतं यावरून काही ठरवायला जाऊ नकोस. तुझंही मत असेल, असायलाच हवं. मला मतच नाही, असं सांगणाऱ्या उपसंपादकाच्या मथळ्यांवर मी नेहमी दोनदा नजर टाकायचे.

मग पक्षपात शोधायचा कुठे? अपवादांत. नियमांचं पुस्तक सगळ्याच कंपन्यांचं देखणं असतं, वकिलांनी घासूनपुसून लिहिलेलं. तुला पहिल्या आठवड्यात ते पाठ करायला देतील, कर. पण त्याच आठवड्यात हेही विचार, की हा नियम कुणाला लागत नाही, आणि ते ठरवतं कोण.

फेसबुकमध्ये ‘क्रॉसचेक’ नावाची व्यवस्था होती. मोठ्या लोकांच्या पोस्ट चुकून उडू नयेत म्हणून दुसऱ्यांदा तपासायच्या, एवढाच तिचा हेतू सांगितला जायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले तेव्हा कळलं, की २०२० मध्ये निदान ५८ लाख खाती या छत्रीखाली होती आणि त्यातल्या काहींना नियम जवळजवळ लागतच नव्हते. कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं, की ही व्यवस्था मानवी हक्कांपेक्षा धंद्याची सोय बघून रचलेली दिसते. राजा सिंह यांचं प्रकरण हे याच कुळातलं. त्यात विचारसरणी कमी होती आणि सत्तेत कोण आहे याचा हिशेब जास्त. या धंद्यातला जो पक्षपात मी जवळून पाहिला तो बहुतेक वेळा असाच होता, डावा-उजवा नव्हे तर खुर्चीकडे तोंड केलेला. वर्तमानपत्रांत तरी काय वेगळं होतं? मी ज्या एका दैनिकात होते तिथे वरून फोन आला की पहिल्या पानावरची बातमी रात्री अकराला सातव्या पानावर उतरायची. फोन कुणाचा, ते कुणी विचारत नसे.

काकांना आणि मामांना एकत्र बसवून सांगण्यासारखं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०२०. अमेरिकेत निवडणुकीला तीन आठवडे उरलेले असताना न्यूयॉर्क पोस्ट या वृत्तपत्राने उमेदवार जो बायडन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपची बातमी छापली. ट्विटरने तिची लिंकच अडवली, खासगी संदेशातूनसुद्धा पाठवता येईना. ‘हॅक केलेलं साहित्य’ हा नियम पुढे केला गेला. नियम पुस्तकात होता, पण बाहेर आलेल्या कागदपत्रांवर पत्रकार नेहमीच बातम्या करत आलेत, आणि त्या अशा रीतीने सहसा कुणी अडवत नसे. दोन दिवसांत नियम बदलावा लागला, तरी वृत्तपत्राचं खातं दोन आठवडे कुलूपबंद राहिलं. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी पुढे ती चूक असल्याचं संसदेसमोर मान्य केलं. फेसबुकने त्या बातमीचा प्रसार कमी केला होता, तो करायला नको होता, असं झुकेरबर्ग यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये लिहून दिलं. कबुलीला चार वर्षं लागली. इथे मामा बरोबर ठरतात.

पण मालक बदलल्यावर काय झालं, हेही मामांना विचार. मस्क यांनी ट्विटर घेतलं ते पक्षपात संपवतो म्हणून. फेब्रुवारी २०२३ मध्ये बातमी आली की मालकांच्या ट्वीटना अपेक्षेइतकी नजर मिळेना म्हणून इंजिनिअरांना रात्री कामाला लावून त्यांच्याच मजकुराला वाढीव रीच देण्यात आला. मे २०२५ मध्ये त्यांचा चॅटबॉट ग्रोक कुठल्याही प्रश्नाला दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या तथाकथित वंशसंहाराचं उत्तर देऊ लागला. कुणीतरी परवानगीशिवाय सूचना बदलली, असा खुलासा आला. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, गुगलच्या जेमिनी या चॅटबॉटने १९४३ चे जर्मन सैनिक कृष्णवर्णीय आणि आशियाई काढून दाखवले होते आणि गुगलला माणसांची चित्रं काढणंच काही काळ थांबवावं लागलं होतं. दिशा उलट्या, पण दोन्ही वेळी यंत्राला कुणीतरी पडद्यामागून वळण दिलं होतं आणि ते वाचणाऱ्याला दिसत नव्हतं.

तुझ्या हातात काय आहे, ते आता सांगते. एखादी पोस्ट तपासणीच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, आली की पक्षाचं नाव मनातल्या मनात बदलून बघ. ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा आमदारांची बदनामी म्हणून कुणी फ्लॅग केली, तर तुझा निर्णय काय? राजकीय टीका म्हणून ठेवलीस, तर उद्या दुसऱ्या बाजूने तितकाच पुराव्याविना, तितकाच झोंबणारा आरोप घोषणेतून केला तेव्हाही ठेवायला हवा. नाव बदलल्यावर हात अडखळला, तर थांब आणि सोबतच्या वेगळ्या मताच्या माणसाला दाखव. मराठीच्या टेबलावर सगळे पुण्यातलेच असतील तर हे मुद्दाम करावं लागेल; नांदेडचा, सावंतवाडीचा, चंद्रपूरचा माणूस शोध.

वरून फोन येईल. ‘हे जरा संवेदनशील आहे’ एवढंच सांगतील. वाद घालू नकोस, आवाज चढवू नकोस. ‘कोणत्या कलमाखाली, ते एका ओळीत लिहून पाठवाल का?’ असं नम्रपणे विचार. निम्मे फोन तिथेच संपतात. उरलेल्यांचं उत्तर जपून ठेव, कंपनीच्याच यंत्रणेत. घरच्या लॅपटॉपवर काही नेऊ नकोस, नोकरी जाईल आणि मुद्दाही जाईल.

आणि कंपन्यांवर विश्वास नाही म्हणून सरकारनेच खरं-खोटं ठरवावं, असं जेवणाच्या टेबलावर कुणी म्हणेल तेव्हा दोन गोष्टी आठव. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी पालघरची मुलगी आणि त्या लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. तुझ्याच वयाच्या होत्या. तिथून सुरू झालेला वाद २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं तेव्हा संपला. दुसरी गोष्ट अलीकडची. केंद्राच्या कारभाराबद्दलची माहिती खोटी की खरी ते केंद्राचाच कक्ष ठरवेल, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं, त्यांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो नियम घटनाबाह्य ठरवला आणि तो रद्द झाला. खेळाडूच्या हातात शिट्टी द्यायची नाही, एवढं तरी त्यातून स्पष्ट झालं.

जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने अमेरिकेत बाहेरच्या तथ्यतपासकांना निरोप देऊन ट्विटरसारख्या ‘कम्युनिटी नोट्स’, म्हणजे वापरणाऱ्यांनीच पोस्टखाली लिहिलेल्या टिपा, आणायचं ठरवलं. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना एखादी नोट सारखीच उपयोगी वाटली तरच ती दिसते. कल्पना मला मनापासून आवडते. पण लिहिलेल्या बहुतेक नोट्स वाचकापर्यंत पोचतच नाहीत, आणि पोचतात तोवर अफवा जेवून-खाऊन झोपलेली असते.

मला सगळ्यात कमी पक्षपाती वाटलेला उपाय साधा होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली आहे या अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. तेव्हा देशभर अशाच घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. पाच जीव गेल्यावर सुचलेलं शहाणपण, हे खरंच. पण ती मर्यादा मंत्र्याला आणि मेंढपाळाला सारखीच होती. मजकूर कुणाचा, कुठल्या पक्षाचा, हे बघायची गरजच नव्हती. असे उपाय सुचव. बैठकीत कंटाळवाणे वाटतात, त्यांना टाळ्या मिळत नाहीत.

मराठीबद्दल एकच. आपल्याकडे यंत्र शिकवायला मजकूर थोडा. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधक गटाने २०२२ मध्ये यंत्राला द्वेष ओळखायला शिकवण्यासाठी २५ हजार मराठी ट्वीटचा साठा केला, तोवर हाताशी फारसं काही नव्हतं. त्यामुळे मराठीत आजही चूक दोन्हीकडून होते, गावरान शिवी उडते आणि गोड भाषेतलं विष राहतं.

पहिले सहा महिने झाले की अपिलांच्या, म्हणजे आपल्या निर्णयांविरुद्ध आलेल्या तक्रारींच्या, क्यूवर काम मागून घे. कुणालाच ते नको असतं, लगेच देतील. किती निर्णय उलटले, कुणाचे लवकर उलटले आणि कुणाचे आठवडे पडून राहिले, ते तिथे उघडं दिसतं. आणि कंपनीच्या गुपितांना धक्का न लावता सांगता आलं तर एवढं कळव, की मराठीतलं अपील आधी मराठी वाचणाऱ्या माणसाकडे जातं, की इंग्रजी भाषांतराकडे?

तुझी
ताई