सहलीचे गट पाडताना

प्रिय,

४० मुलांना दोन दिवसांच्या सहलीला न्यायचं आणि त्यांनी एकमेकांना ओळखूनच परतावं, हा तुझा बेत चांगला आहे. पण नुसतं एकत्र नेल्याने ते होत नाही. मोकळं सोडलं की सगळं बसमध्येच ठरतं: मागच्या सीटवर दंगा करणारे, पुढे गप्प बसणारे. वर्गातले कंपू परतताना आणखी घट्ट झालेले असतात.

मुझफ्फर शरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ११-१२ वर्षांच्या २२ मुलग्यांचं शिबिर घेतलं. दोन गटांत चढाओढ लावल्यावर प्रकरण एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर एकमेकांवर अन्न फेकलं. पाणी बंद पडलं, ट्रक अडून बसला आणि सगळ्यांना मिळून हात लावावा लागला (ही संकटं शिबिर घेणाऱ्यांनीच मुद्दाम आणली होती), तेव्हा कुठे वैर ओसरू लागलं. म्हणून ‘उत्कृष्ट गटाला बक्षीस’ हे आधी कार्यक्रमातून काढ.

गट पाच-पाच जणांचे कर. सहलीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाकडून चिठ्ठी घे: ‘कोणते तिघे गटात असले तर आवडेल?’ त्यांतला एक जण नक्की मिळेल असं बघ. बाकीचे वेगळ्या कंपूंतले घाल. नुसत्या सोडतीने गट पाडले तर लाजाळू मूल चार अनोळखी मुलांत सापडतं आणि दोन दिवस मिटून बसतं. काही नावं एकाही चिठ्ठीत नसतील. हे तुझ्यापुरतं ठेव, चिठ्ठ्या फाडून टाक. अशा मुलाला सांभाळायला म्हणून एखादी समंजस मुलगी नेमू नकोस. आपल्याला सांभाळायला दिलंय, हे त्याला लगेच कळतं. त्याला जे खरोखर येतं त्याचं काम दे.

आता मुख्य गोष्ट, कामाची. जी जागा पाहायची तिची माहिती पाच तुकड्यांत लिही आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दे. एलियट अ‍ॅरनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत हीच रीत वापरली होती. तुकड्यांना नंबर दे. आधी सगळ्या गटांतले एक नंबरच्या तुकड्याचे एकत्र, दोन नंबरचे एकत्र, असे दहा मिनिटं बसू देत. ही पायरी गाळलीस तर वाचनात कच्चं मूल आपल्या गटासमोर उघडं पडतं, आणि ओळख वाढायच्या जागी हसं होतं. नंतर तुकडे परत घे. कागद हातात राहिला की बडबडं मूल सगळ्यांचे गोळा करून स्वतःच वाचून दाखवतं. प्रत्येकाने आठवेल तसं सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं गटाच्या एकाच वहीत लिहायची. नकाशाही गटाला एकच. पाच नकाशे दिलेस तर पाच जण पाच दिशांना.

नकाशा, घड्याळ, वही, पाणी आणि मोजणी ही पाच कामं दर थांब्याला फिरव. नाहीतर वही सुंदर अक्षरवालीकडे आणि नकाशा दांडग्याकडे कायमचा जातो. मुलांनी केलेली मोजणी वेगळी. बसमध्ये चढताना प्रत्येक वेळी तू स्वतः डोकी मोजायचीस.

बसच्या जागा अर्ध्या वाटेवर बदल. ज्यांना गाडी लागते त्यांना मात्र पुढून हलवू नकोस. संमतीपत्रातच तसं विचारून घे. खोल्यांच्या याद्याही तूच कर. ‘हवं त्याच्याबरोबर राहा’ म्हटलं की शेवटी एक जण दारात उभा राहतो. हातखर्चाची मर्यादा सर्वांना एकच, आणि ती पालकांना लेखी कळव.

संध्याकाळी जोड्या पाडून चार-चार मिनिटं बोलायला लाव: एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. ‘सुट्टीत कुठे गेला होतास?’ हा प्रश्न नको. कोण कुठे जाऊ शकतं आणि कोण नाही, एवढंच त्यातून कळतं. ‘तुला काय दुरुस्त करता येतं?’, ‘वर्गातलं काय बदलावंसं वाटतं?’ असे प्रश्न चालतात. मनातली भीती, रडू वगैरे सगळ्यांसमोर बोलायला भाग पाडू नकोस. रात्री बोललेलं सकाळी चिडवायला वापरलं जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडणं होतील. मुलं दमलेली आणि भुकेली असतात. आधी खायला घाल, मग ऐकून घे. रुसवाफुगवा असेल तर गट मोडू नकोस. एकालाच सगळे मिळून छळत असतील तर मात्र तिथल्या तिथे बदल.

परतल्यावर दोन आठवडे हेच पाच जण वर्गात जवळ बसव. सहलीच्या फोटोंचा तक्ता लावण्याआधी हजेरीपट घेऊन तो तपास. एखादं नाव एकाही फोटोत सापडलं नाही, तर तो तक्ता अजून लावू नकोस.

गटांची यादी झाली की पाठव, बघून लगेच कळवेन.

सस्नेह