बाप्पाचा चेहरा का झाकला?

प्रिय चिनू,

तू काल फोनवर विचारलंस, "आजोबांनी कारखान्यातून बाप्पाला गिरगावात घरी आणताना त्याच्या तोंडावर रुमाल टाकला होता. कोणापासून लपवत होते?" आवाज सारखा तुटत होता, म्हणून लिहूनच पाठवते.

लपवत नव्हते गं, झाकत होते. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मूर्ती, त्यानंतर तो बाप्पा. म्हणून आपल्या घरी पूजेला बसेपर्यंत चेहरा झाकलेला असतो. पण पाटावर कोण बसलंय हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. लपवायचंच असतं तर "मोरया" म्हणून एवढा गजर कशाला केला असता?

लपवताना दुसऱ्याला पत्ताच लागू द्यायचा नसतो. झाकलेली वस्तू मात्र असते तिथेच असते. लोकल रखडली की काकासाठी आजी ताट झाकून ठेवते ना, ओट्यावर, सगळ्यांसमोर? तुझ्या हाती लागू नयेत म्हणून लाडवांचा डबा वरच्या फळीवर मागे सरकवते, ते लपवणं. पावसाळ्यात छपरं ताडपत्रीने झाकतात, दूध झाकतात, नैवेद्य केळीच्या पानाने झाकतात. या झाकण्यात जपणं आहे आणि मला तेच फार आवडतं.

चूकसुद्धा झाकतात, हे खरंच. त्याला 'पांघरूण घालणं' असंही म्हणतात.

डोळ्यांची गंमत तर बघ. आजोबांचा हात धरून तू डोळे झाकून रस्ता ओलांडतेस, म्हणजे पूर्ण विश्वासाने. पण 'डोळेझाक' केली म्हणजे दिसत असूनही न पाहिल्यासारखं केलं. जिन्यात शेजारच्या आजींना पिशवी पेलत नाहीये आणि आपण सरळ पुढे निघून गेलो, ही डोळेझाक. डोळे तेच, झाकणंही तेच, पण पहिल्याचं मला कौतुक आहे आणि दुसऱ्याचा राग.

आजीच्या तोंडून एक म्हण कधीतरी ऐकशीलच: कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तांबडं म्हणजे पहाटेची लाली. कोंबड्याला आरवू दिलं नाही तरी उजाडतंच, तशी खरी गोष्ट बाहेर येतेच. कोंबड्या टोपलीखाली झाकण्याला तर वेगळा शब्दच आहे, 'डालणं', आणि त्या टोपलीला म्हणतात डालगं. आजोबांनी लहानपणी गावी रोज संध्याकाळी कोंबड्या डालल्या आहेत. त्या कशा पकडायच्या, हे त्यांनाच विचार.

तुझी,
आई