भूत आणि माणसाची लव्हस्टोरी असलेला, पण भीतीदायक नसलेला एखादा हिंदी पिक्चर सुचवा?

'पहेली' बघा, 2005 चा, आपल्या अमोल पालेकरांनी डायरेक्ट केलेला, शाहरुख आणि राणी मुखर्जी. मूळ गोष्ट विजयदान देथांची 'दुविधा', राजस्थानी लोककथेवरची. व्यापाऱ्याचा पोरगा लग्न होतं न होतं तोच धंद्यासाठी पाच वर्षं बाहेर निघून जातो, आणि वाटेत नवरीला बघून फिदा झालेलं भूत त्याचंच रूप घेऊन घरी येतं. सासरा लगेच खूश, कारण भूत त्याला रोज सोन्याच्या मोहरा देतं, मग कोण कशाला विचारतंय पोरगा परत का आला ते! पण भूत बायकोला फसवत नाही, पहिल्याच रात्री सगळं खरं सांगून टाकतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं, मला तर अख्ख्या पिक्चरमधला हाच सीन सगळ्यात भारी वाटतो. खऱ्या नवऱ्याने तिला काही विचारलेलंच नसतं ना.

शेवट सांगत नाही, एवढंच की अमिताभ धनगर बनून येतो आणि न्याय करतो, त्यात एका चामड्याच्या पखालीचं काम आहे 😄 गोष्टीतला शेवट मात्र पिक्चरपेक्षा बराच कडू आहे. तो हवा असेल तर मणि कौलचा 1973 चा 'दुविधा' बघा, पण तो खूपच स्लो आहे, गाणी-नाच वगैरे अपेक्षा ठेवून बसलात तर झोप लागेल. आधी पहेलीच बघा.