आधी सी.टी. की थेट अँजिओ?

प्रश्न : माझे मिस्टर ५४ वर्षांचे. बी.पी.ची गोळी चालू आहे. सेमिनरी हिल्सचा चढ चढताना दोनदा छाती जड झाली, थांबल्यावर बरं वाटलं. डॉक्टरांनी सी.टी. अँजिओ सांगितली, खर्च दहा हजार. दीर म्हणतात, "शेवटी नळीची अँजिओ करावीच लागते, मग दोनदा पैसे कशाला?" मेडिक्लेम आहे. काय करावं?
— एक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, सी.टी. अँजिओत शिरेतून औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात; नळीच्या अँजिओत हातातून किंवा मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. दिरांचं म्हणणं काही रुग्णांच्या बाबतीत खरं असतं. इतवारीतले एक सत्तरी ओलांडलेले व्यापारी हट्टानं सी.टी. करून आले होते. फोटोत रक्तवाहिनीत साठलेलं कॅल्शियमच एवढं चमकत होतं की ती किती अरुंद झालीय ते कळेना. नळीची अँजिओ करावीच लागली, पैसे दोनदा गेले.

पण तुमच्या मिस्टरांना मी सी.टी.च सांगेन. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांची नेहमीच्या तपासण्यांसोबत सी.टी.ही केली. पाच वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट अटॅक सी.टी. न केलेल्यांत ३.९ टक्के, केलेल्यांत २.३ टक्के. गंमत म्हणजे स्टेंट-बायपास दोन्हीकडे जवळपास सारखेच! सी.टी.त चरबीचा थर दिसला, म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अॅस्पिरिन जास्त जणांना सुरू झालं. फरक बहुधा त्यानंच पडला. म्हणून रिपोर्ट फाइलला लावून मोकळं होऊ नका. गोळ्या बदलायच्या का, हे विचारूनच उठा.

मेडिक्लेमचं सांगते. "एक रात्र भरती व्हा, क्लेममध्ये बसवू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. नुसत्या तपासणीसाठीची भरती पॉलिसीत सहसा वगळलेली असते. मात्र पुढे याच आजारासाठी स्टेंट पडला, तर भरतीआधीच्या ३० किंवा ६० दिवसांचा खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतो. बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही जपा.

सी.टी.आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) करून घ्या. त्या सकाळी चहा नाही (आपल्या नागपूरकरांना हेच जड जातं). नाडी साठच्या आसपास आणायला गोळी देतात. दमा असेल तर आधीच सांगा. जिभेखाली नायट्रेटही (रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध) देतात, त्यामुळे व्हायग्रासारखी गोळी घेत असतील तर लाजू नका, सांगा.

तोवर चढ बंद. आणि बसल्याजागी दुखलं, तर सी.टी.ची तारीख विसरा, तडक कॅज्युअल्टीत न्या.