दोष मातीचा की भेगांचा?

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतील चागास आजार मातीच्या घरांमुळे पसरतो, असे वाचले. मातीचे घर एवढे धोक्याचे असते का? आणि कोंबड्यांना हा आजार होत नसेल, तर त्यांना घरात ठेवू नका असे का सांगतात?

उत्तर : धोका मातीपेक्षा तिला पडणाऱ्या भेगांचा अधिक आहे. कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये शोधलेला हा आजार ज्या रक्तपिपासू किड्यामुळे पसरतो, त्याला अर्जेंटिना-बोलिव्हियात ‘विंचुका’ म्हणतात. तो दिवसा अंधाऱ्या फटीत दडून राहतो आणि रात्री झोपलेल्या माणसाचे रक्त पितो. आजार घडवणारा परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात जगणारा सूक्ष्म जीव, त्याच्या विष्ठेत असतो; खाजवताना ती विष्ठा जखमेत किंवा डोळ्यात गेली की लागण होते. त्यामुळे न लिंपलेली कुडाची किंवा कच्च्या विटांची भिंत, झावळ्यांचे छप्पर, खाटेमागे रचलेले सामान आणि घराला टेकून ठेवलेले सरपण या त्याच्या हक्काच्या जागा ठरतात. खाटेजवळच्या भिंतीवर काळे-पांढरे ओघळ किंवा किड्याने टाकलेली कात दिसली, तर त्याचा मुक्काम तेथेच आहे असे समजावे.

कोंबड्यांविषयीची आपली शंका रास्त आहे. पक्ष्यांच्या रक्तात हा परजीवी तग धरत नाही. पण अंड्यातून बाहेर पडल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत पाचही अवस्थांत किड्याला रक्त लागते आणि घरातली कोंबडी ते त्याला रोज पुरवते. अशा रीतीने वाढलेले किडे पुढे कुत्र्याला चावतात, ज्याच्या अंगात परजीवी दीर्घकाळ राहू शकतो, आणि मग त्याच्याशेजारी झोपलेल्या मुलांना. म्हणून खुराडे घरापासून दूरच हवे.

औषधफवारणीचा उपयोग निश्चित आहे. या किड्याच्या मुख्य जातीमुळे होणारा प्रसार उरुग्वेने १९९७ मध्ये आणि चिलीने १९९९ मध्ये थांबवला, त्यात फवारणीचा वाटा मोठा होता. मात्र अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पॅराग्वेत पसरलेल्या ग्रान चाको या सखल प्रदेशात काही ठिकाणी किडे औषधाला दाद देत नाहीत, आणि भेगा तशाच राहिल्या तर गोठ्या-खुराड्यांतून ते घरात परततात. ग्वाटेमालातील काही गावांत स्थानिक मातीचाच गिलावा करून भिंती बुजवल्या गेल्या. मला हा उपाय अधिक टिकाऊ वाटतो.

किडा सापडल्यास हाताने चिरडू नये, झाकणाच्या बरणीत घालून आरोग्य केंद्रात न्यावा. अशा घरात राहिलेल्यांनी, विशेषतः गर्भधारणेपूर्वी स्त्रियांनी, रक्ततपासणी करून घ्यावी, कारण आजार वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहतो आणि आईकडून बाळाला होऊ शकतो.