पहिला चाकू घेतोस तर

भाऊ, रामटेकच्या गडावर संत्रं सोलायला, दोरी कापायला ३ इंची पातं भरपूर झालं. स्टेनलेसच घे, कार्बन स्टील आपल्या पावसाळ्यात लवकर गंजतं. घडीचं पातं उघडल्यावर नीट लॉक होतं का, दुकानातच दाबून बघ. माझ्या बोटावरची खूण अजून आहे. बटनवाला रामपुरी मात्र नकोच.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे, घरगुती-शेतीची अवजारं सोडून, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. छोटा आहे म्हणून मिरवू नको. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश असला की खिशात कुठलाच चाकू नको. अन् पेंच, उमरेड-कऱ्हांडलाच्या राखीव जंगलात? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे चाकूही आलाच. तिथे जाताना घरीच ठेव.