‘देवा, मी वाईट मुलगा आहे’: घरीच शिकणाऱ्या मुलाचा आत्मसन्मान

नऊ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपासून घरीच शिकतो, आई शिकवते. उत्तर चुकलं की कागद फाटेपर्यंत खोडत बसतो, वही गादीखाली लपवतो. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तो म्हणाला, “देवा, मी वाईट मुलगा आहे, मला क्षमा कर.” आईने नंतर जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कारण कळलं. दुपारी भागाकार चुकले होते.

आईचा प्रश्न होता, “देवाने तुला त्याच्या प्रतिरूपात निर्माण केलंय, तू त्याचा लाडका आहेस, हे आम्ही याला रोज सांगतो. तरी याला स्वतःबद्दल इतकं कमी का वाटतं? शाळेतून काढलं, तिथेच चुकलं का?”

घरी शिकवणारे बरेच श्रद्धावान ख्रिस्ती आईबाप हेच विचारतात. शाळा सोडण्यात चूक नव्हती. गुंता वेगळ्या जागी होता आणि तो दिसावा म्हणून आईला चार दिवस गणिताचा तास फोनवर रेकॉर्ड करायला सांगितलं. चाळीस मिनिटांच्या एका तासात तिने मुलाला २१ वेळा दुरुस्त केलं होतं. नुसतं त्याच्याशी बोलली होती तीनदा. “असा आळस प्रभूला आवडेल का?” हे वाक्य दोनदा आलं होतं. शिवाय निष्काळजीपणाची शिक्षा म्हणून बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं एक वचन २५ वेळा लिहायला लावलं होतं.

शाळेत जाणाऱ्या मुलाला बाईंनी रागावलं तरी घरी आई वेगळी भेटते. घरी शिकणाऱ्याला ती सोय नाही. इथे बाई आणि आई एकच, आणि तिच्या तोंडी देवाचंही नाव. तिघांची नापसंती एकाच आवाजात आली की भागाकार चुकणं म्हणजे आपण नकोसे असणं, असंच त्या वयाचं मूल समजतं. त्यात साधारण आठव्या वर्षापासून मुलं स्वतःला इतरांशी ताडून पाहू लागतात. याची धाकटी बहीण भराभर वाचत होती.

पहिलं काम, चूक आणि पाप यांची फारकत. सात गुणिले आठ चोपन्न लिहिणं ही चूक; ती दुरुस्त करायची, तिच्याबद्दल क्षमा मागायची नसते. उत्तरं बघून लिहिली आणि ‘मीच सोडवली’ म्हटलं, तर ते खोटं. ते कबूल करायचं, क्षमा मागायची आणि एकदा क्षमा झाली की पुन्हा उकरून काढायचं नाही. हे दोन्ही आईबाबांनी मुलाला याच शब्दांत, वही समोर नसताना सांगितलं. लूक २:५२ त्याच्यासोबत वाचलं. येशू ज्ञानाने वाढत गेला असं तिथे लिहिलंय, म्हणजे बारा वर्षांच्या येशूलाही अजून वाढायचं होतं. मुलाने ते दोनदा वाचायला लावलं. वचन लिहायची शिक्षा त्याच दिवशी बंद केली, कारण शिक्षेत लिहिलेलं वचन मुलाला पुढे आधार म्हणून वापरता येत नाही.

दुसरं, क्रम. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी देवपिता म्हणतो की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. घरातही हाच क्रम ठेवायचा. सकाळी वह्या उघडण्याआधी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, दोन वाक्यांचा, कामाचा उल्लेख न करता. “आज नीट अभ्यास कर” हे शेपूट जोडलं की त्याचं कर्ज होतं. बाबांना हे शेपूट सोडायला बरेच दिवस लागले.

मग वही. वीसऐवजी आठ उदाहरणं: सहा हमखास येणारी, दोन नवी. पंचवीस मिनिटं झाली की थांबायचं, अर्धवट असलं तरी. खोडरबर पेटीत, चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची. उत्तरं मुलाने स्वतः उत्तरसूचीवरून ताडायची, म्हणजे निवाडा आईच्या चेहऱ्यावर होत नाही. आईने एका दिवसात एकाच प्रकारची चूक हातात घ्यायची. भागाकारात त्याचं खरं अडत होतं ते वजाबाकीत हातचा घेताना. दोन आठवडे फक्त तेच केलं.

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. आई भरपाई म्हणून “किती हुशार आहेस तू!” असं सारखं म्हणू लागली आणि मुलाने नव्या पानाला हात लावायचंच सोडलं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं होतं: हुशारीची स्तुती ऐकलेली मुलं सोपं काम निवडतात, अपयशानंतर लवकर हात टेकतात. हुशार ठरलेल्याला ती पदवी जपावी लागते. म्हणून स्तुतीऐवजी पाहिलेलं सांगायचं: “तिसऱ्या पायरीवर अडलास, मागे जाऊन वजाबाकी तपासलीस.” रोज एवढं एक खरं वाक्य पुष्कळ झालं.

घराबाहेरची जबाबदारीही हवीच. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेआधी गीतपुस्तकं मांडायचं काम पाळकांनी त्याला दिलं. काम असं हवं, की ते केलं नाही तर खरोखर कुणाचं तरी अडेल. मुलांना लुटुपुटीची कामं लगेच कळतात. शिवाय आईबाबा सोडून आणखी एका मोठ्या माणसाने आपल्याला पाहावं, ही गरज घरी शिकणाऱ्या मुलाची जास्तच असते.

आणि आईने चिडल्यावर मुलाची क्षमा मागायची, कारणं न देता. मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील, हे कलस्सैकर ३:२१ बापांना सांगतं. घरी शिकवणाऱ्या आईलाही ते तितकंच लागू पडतं.

दहा आठवड्यांनी वही टेबलावर उघडी राहू लागली. रात्रीची प्रार्थना झाली, “देवा, भागाकार अजून जमत नाही, उद्या मदत कर.”

वाचन मात्र फारसं हललं नाही. अक्षरं उलटी लिहिणं, ओळ सुटणं, काल वाचलेला शब्द आज अनोळखी वाटणं, हे नवव्या वर्षीही चालू असेल तर नुसत्या प्रोत्साहनावर थांबू नये. डोळे आणि कान तपासून घेतले, अध्ययन अक्षमतेची चाचणी ठरली. (मूल ‘मी नसतो तर बरं’ असं बोलू लागलं, तर मात्र कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.) त्याला एवढंच सांगितलं, “तू अक्षरं कशी ओळखतोस ते एक ताई बघणार आहेत, म्हणजे तुला कसं शिकवायचं ते आम्हाला कळेल.”

“तिथे नापास करतात?” त्याने विचारलं.

“नाही रे. तिथे शिकायचंय आम्हाला.”